लऊळपासून पुढचे अंतर



कूर्मदासांची कथा आपण कीर्तनात कितीदा ऐकली असेल त्याला गणती नाही. पैठणचा हा भक्त जन्मापासून हातापायांवाचून. पंढरीचे वर्णन कानी पडले आणि त्याने ठरवले, आपणही जायचे. सरपटत निघाला. माढा तालुक्यातल्या लऊळपर्यंत आला आणि तिथे देह थकला, पुढे सरकवेना. पंढरीला निघालेल्या वारकऱ्यांच्या हाती त्याने निरोप दिला, आणि निरोप मिळताच देव राऊळ सोडून निघाले. वाटेत अरणला सावतोबांच्या मळ्यात काय घडले ते आपणास ठाऊक आहेच. शेवटी देव लऊळला पोचले. कूर्मदासांचे मंदिर तिथे आहे.

ही कथा ऐकताना आपले डोळे भरतात. पण डोळे भरण्याच्या जरा अलीकडे थांबून पाहावे. देवाने कूर्मदासाला हातपाय दिले नाहीत. पैठणला घरबसल्या शिधा पोचेल अशी व्यवस्थाही लावली नाही. 'एवढा लांब कशाला आलास, घरीच नाम घ्यायचे होतेस,' असेही ते म्हणाले नाहीत. जेवढे अंतर कूर्मदासाला कापता आले तेवढे त्याला कापू दिले, आणि उरलेले अंतर देव स्वतः चालून आले.

गोरोबाकाकांच्या कथेत तुटलेले हात पुन्हा येतात. ती कथा आपल्याला अधिक आवडते, कारण तिथे सगळे पूर्ववत होते. पण आपल्या आळीतल्या ज्या मुलीला जन्मापासून ऐकू येत नाही, ज्या मुलाचा कणा अपघातात गेला, त्यांचे पूर्ववत होणार नाही. त्यांची कथा कूर्मदासांची आहे. तेव्हा प्रश्न असा, की ही मुले लऊळपर्यंत आपल्या बळावर आली तर पुढचे अंतर कोणी चालायचे?

दोन वर्षांपूर्वी वारीत एका मुक्कामाच्या गावी असाच एक तरुण भेटला. तीनचाकी सायकलवर, राहुट्यांच्या कडेला, सावलीत बसलेला. वय पंचविशीच्या आत. येणारेजाणारे त्याच्या मांडीवर दहाची, वीसची नोट ठेवून, हात जोडून पुढे जात होते. तो 'नको, नको' म्हणे, तोपर्यंत माणूस गर्दीत नाहीसा झालेला असे. मी बोललो तेव्हा कळले की तो मागायला बसलेलाच नव्हता, आईची वाट पाहत होता. संगणकाचा अभ्यासक्रम पूर्ण केलेला, टंकलेखनाच्या परीक्षा दिलेल्या. तालुक्याच्या गावी सात-आठ ठिकाणी कामासाठी जाऊन आला होता. मी विचारले, 'कोणी वाईट वागले का?' तो हसला. म्हणाला, 'नाही हो माउली. चहा सगळ्यांनी पाजला.' चहा पाजला, पाठीवरून हात फिरवला, 'कळवतो' म्हणाले. एका ठिकाणी कचेरी पहिल्या मजल्यावर होती, तिथे तर दोघांनी उचलून वर नेले आणि तसेच उचलून खाली आणून ठेवले. नोटा त्याने मोजल्या आणि अन्नदानाच्या पेटीत टाकल्या.

माउली, यात दुष्ट कोण आहे? कोणीच नाही. नोट ठेवणारा भाविक आहे, चहा पाजणारा सज्जन आहे. आणि तरीही तो मुलगा घरीच बसून आहे. आपल्या संप्रदायात दयेला तोटा नाही. वारीच्या वाटेवर कोणी उपाशी झोपत नाही, ही साधी गोष्ट नव्हे. पण दया देऊन झाल्यावर आपल्याला जे समाधान वाटते, ते त्याच्या हिताचे आहे की आपल्या पुण्याचे, हे ज्याने त्याने मनाशी तपासावे. दान देताना देणारा वर आणि घेणारा खाली असतो. काम देताना तसे राहत नाही. ज्याला काम दिले त्याच्याकडून आपल्याला काही मिळते, त्याच्यावर आपण अवलंबून राहतो, तो एक दिवस आला नाही तर आपले अडते. अडावे अशी जागा एखाद्याला देणे हे नोट ठेवण्यापेक्षा फार अवघड आहे, आणि मला वाटते, म्हणूनच आपण नोट ठेवतो.

आपल्या संतांची नावे उच्चारून पाहा. गोरा कुंभार, सावता माळी, सेना न्हावी, नरहरी सोनार. आपण त्यांना धंद्यासकट हाक मारतो. जनाबाई म्हटले की जाते आठवते. तुकोबारायांचे घर वाण्याचे, नामदेवराय शिंप्याचे. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करताना चोखोबांवर भिंत कोसळली. त्यांचा देहसुद्धा कामावर पडला. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात माउलींनी आपल्या वाट्याच्या कर्मालाच पूजा मानले आहे. आता गावातल्या त्या मुलांना आपण काय नावाने ओळखतो ते आठवा. लंगडा अमुक, मुकी तमुक, आंधळ्याचा वाडा. संतांना धंद्याने आणि यांना व्यंगाने. शासनाने अलीकडे 'अपंग' हा शब्द काढून 'दिव्यांग' हा शब्द आणला. पाट्या बदलल्या. पाटीखालच्या पायऱ्या तेवढ्याच राहिल्या.

ज्याच्या हाताला कामच दिले नाही त्याने कर्माची पूजा कशाने बांधायची? आपण त्याची भाकरी चुकवली एवढेच नाही, आपण त्याच्या पूजेचे ताटही काढून घेतले.

इथे एक शंका नेहमी घेतली जाते. 'त्याचे प्रारब्ध. भोग भोगूनच संपवावे लागतात.' ही शंका मी मोठमोठ्या जाणत्यांच्या तोंडून ऐकली आहे, आणि दर वेळी ती धडधाकट माणसाच्या तोंडून आली आहे. प्रारब्ध हा शब्द स्वतःकडे बोट करून वापरायचा आहे. माझ्यावर संकट आले, मी म्हणालो 'माझे प्रारब्ध', तर त्यातून धीर येतो. दुसऱ्याकडे बोट करून तोच शब्द वापरला की त्याची आपल्यावरची जबाबदारी संपते. दुष्काळात विहीर खोदताना आपण प्रारब्ध म्हणत नाही, मुलाला ताप आला तर डॉक्टरकडे धावतो. मग शेजारच्या मुलाला उतरंड बांधायची वेळ आली की तत्त्वज्ञान कुठून आठवते? दारात चढउतारासाठी सिमेंटची उतरती वाट केली तर कोणाचेही प्रारब्ध बिघडत नाही.

दुसरी शंका जरा गोड आहे. 'त्याला प्रपंचाची ओढाताण कशाला? घरात दोन घास मिळतात, बसून हरिनाम घ्यावे.' नाम घ्यावेच. पण हे सांगणाऱ्याने आपला धडधाकट मुलगा भरतीच्या रांगेत उभा केलेला असतो, त्याच्यासाठी नवस बोललेला असतो. आपल्या मुलाला प्रपंच आणि परमार्थ दोन्ही, आणि त्या मुलाला नुसता परमार्थ, तोही त्याने मागितलेला नसताना! वैराग्य हे हाती असलेले सोडण्यात असते. कधी मिळालेच नाही त्याला वैराग्य म्हणत नाहीत, वंचना म्हणतात.

विदर्भातल्या गुलाबराव महाराजांना आपण प्रज्ञाचक्षू म्हणतो. १८८१ सालचा त्यांचा जन्म, आणि तान्हेपणीच दृष्टी गेलेली. ज्ञानेश्वर माउलींना ते पिता मानत. अवघे चौतीस वर्षांचे आयुष्य, १९१५ साली देह ठेवला, आणि तेवढ्या काळात शेकड्याहून अधिक ग्रंथ! हे कसे झाले? आपण 'दैवी' म्हणून हात जोडतो आणि तिथेच थांबतो. दैवी होतेच, पण त्याला एक साधी मानवी बाजूही आहे. कोणीतरी त्यांना ग्रंथ वाचून दाखवत होते. ते सांगत, कोणीतरी उतरून घेत होते. त्यांच्या बुद्धीत काही कमी नव्हते, मध्ये फक्त कागद आडवा येत होता, आणि तेवढा अडसर भोवतीच्या माणसांनी दूर केला. वाचणारे आणि लिहिणारे ते हात नसते तर ही प्रज्ञा एका खेड्यातल्या ओसरीवर बसून राहिली असती. तशा किती प्रज्ञा आज ओसरीवर बसून आहेत?

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार. तेव्हा कायद्यात सातच प्रकार होते. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आला, २०१७ च्या एप्रिलपासून लागू झाला, आणि प्रकार एकवीस झाले. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, स्नायूंचा क्षय, अॅसिड हल्ल्यातील पीडित, असे कितीतरी जण त्यात आले. सरकारी नोकरीतले आरक्षण तीनाचे चार टक्के झाले. या कायद्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट मात्र टक्क्यांची नाही. कायदा म्हणतो की दिव्यांग माणसाला काम करता यावे म्हणून जी वाजवी सोय करून देणे शक्य आहे, ती नाकारणे हाच भेदभाव. सोय करणे हा उपकार राहिला नाही, न करणे हा दोष ठरला. उरलेले अंतर चालून जाण्याची गोष्ट लऊळला घडली होती, ती कायद्याने अशा कोरड्या भाषेत लिहून ठेवली आहे.

सोय म्हणजे काय, तर बहुधा फार लहान गोष्ट असते. डोळ्यांनी न दिसणारी मुलगी संगणकावर काम करते, कारण पडद्यावरची अक्षरे वाचून दाखवणारी यंत्रणा त्यात बसवता येते, मोबाइलमध्ये तर ती आधीपासूनच असते. ऐकू न येणाऱ्या कामगाराला सूचना लिहून दाखवल्या, भोंग्याऐवजी दिवा लावला, चार खुणा बाकीच्यांनी शिकून घेतल्या, की छापखान्यात किंवा शिवणकामात तो कोणाच्या मागे राहत नाही. चाकाच्या खुर्चीतल्या माणसासाठी कामाचे मेज चार बोटे उंच करावे लागते आणि संडासाचे दार रुंद.

बुद्धीने मंद असलेल्या मुलांचे शिक्षण वेगळे, आणि त्याबद्दल लोकांच्या मनात सर्वांत जास्त भीती असते. तिथे काय करतात? काम लहान लहान पायऱ्यांत मोडतात. पुडी उघड, माप भर, तराजूवर ठेव, बंद कर, खोक्यात ठेव. प्रत्येक पायरीचे चित्र भिंतीवर. क्रम रोज तोच. आणि पहिले काही आठवडे एक जाणता माणूस शेजारी उभा राहतो, आधी हात धरून, मग नुसते बोलून, मग नुसते पाहून, आणि हळूहळू दूर सरकतो. या माणसाला 'जॉब कोच' म्हणतात. शब्द परका वाटेल, पण रीत आपल्याच घरची आहे. दिंडीत पहिल्यांदा आलेल्याला पावली कोण शिकवते? फळा-खडू घेऊन कोणीच नाही. त्याला रांगेत जुन्या टाळकऱ्याशेजारी उभे करतात. तो चुकतो, शेजारचा हाताला धरून वळवतो. मुक्कामामागून मुक्काम सरतात आणि एक दिवस कोणाच्या लक्षातही येत नाही की त्याला आता धरावे लागत नाही. चुकला म्हणून त्याला रांगेबाहेर काढलेले मी तरी पाहिले नाही.

हे घडवून दाखवणारी माणसे आपल्याच मुलखात झाली. बाबा आमटे यांनी १९४९ साली वरोऱ्याजवळ आनंदवन उभे केले तेव्हा कुष्ठरोग्याला समाजाने दोनच जागा ठेवल्या होत्या, देवळाची पायरी आणि स्टेशनचा जिना. बाबांनी त्याच झडलेल्या बोटांत कुदळ दिली. शेती झाली, विणकाम झाले, सुतारकाम झाले, आणि भीक मागणारे लोक इतरांना पुरवणारे झाले. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक तरुणपणीच चाकाच्या खुर्चीत बसल्या. खुर्चीतूनच नोकरी केली आणि १९८४ साली 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था काढली. सिंधुदुर्गात त्यांनी काजूप्रक्रियेचे काम उभे केले, जिथे दिव्यांग माणसेच काजू फोडतात, निवडतात, भरतात. त्यांच्या 'चाकाची खुर्ची' या आत्मकथनाची दिंडीच्या ट्रकमध्ये एखादी प्रत ठेवायला हरकत नाही. दुपारच्या विसाव्याला वाचण्यासारखे पुस्तक आहे.

पण काम देणाऱ्यांत एक दोष शिरतो. 'बसला आहे बिचारा, देऊ महिन्याला काहीतरी.' पूर्ण दिवसाचे काम आणि अर्धा पगार, वर उपकाराची भाषा. काम सारखे तर दाम सारखा. आणि उलट बाजूनेही तसेच: त्याचे काम वाईट झाले तर वाईट झाले म्हणून सांगावे. लाज वाटून खपवून घेणे हा दयेचाच दुसरा अवतार आहे. उशिरा येणाऱ्या मुलाला रागवायला मालक कचरतो, तेव्हा त्या मुलाला बरोबर कळते की आपण अजून कामगार झालो नाही, पाहुणेच आहोत.

घराबद्दल लिहिताना लेखणी जड होते. आईबापांनी ज्या मायेने असे लेकरू वाढवले त्यापुढे कोणी काय बोलावे? पण पुष्कळ घरांत माया हीच कडी होऊन बसते. 'बाहेर गेला तर पडेल, हसतील, फसवतील.' म्हणून वीस वर्षांच्या मुलाला दुकानातून मीठ आणायला पाठवत नाहीत. मुलगी असेल तर उंबरठा आणखी उंच. आणि रात्री दिवा मालवल्यावर तीच आई म्हणते, 'आमच्यामागे याचे कसे होईल?' माउली, या प्रश्नाचे उत्तर आपण असतानाच शोधावे लागते. पैसे मोजायला, एसटीत चढायला, अनोळखी माणसाशी बोलायला, नकार ऐकायला तो आपल्या डोळ्यांदेखत शिकू दे. कूर्मदासाच्या घरच्यांनी दाराला कडी घातली असती तर देवाला लऊळला येण्याचे कारणच पडले नसते.

आता एक गोष्ट सांभाळून बोलावी लागेल, नाहीतर या लेखाचा अर्थ भलताच व्हायचा. काम ही माणसाची किंमत नव्हे. काही मुलांचे व्यंग इतके गाढ असते की त्यांच्या हातून मोबदल्याचे काम कधीच होणार नाही. ती कोणाच्या उपयोगी पडली नाहीत म्हणून उणी ठरतात काय? तसे असते तर देव लऊळला आलेच नसते, कूर्मदासाने देवासाठी कोणते काम केले होते? उपयोगाच्या काट्यावर माणूस तोलणे हा बाजाराचा न्याय, पंढरीचा नव्हे. इथे दोन्ही गोष्टी एकदम धराव्या लागतात, आणि ते सोपे नाही. ज्याला करता येत नाही त्याच्याकडून कामाची अपेक्षा ठेवायची नाही, आणि ज्याला करता येते त्याचे काम 'कशाला त्रास' म्हणून हिरावायचे नाही. कोणाला काय येते हे आपण लांबून ठरवू नये एवढे नक्की. बहुतेक वेळा आपण न विचारताच ठरवलेले असते.

मग आपण काय करावे? आपल्या हाती कारखाने नाहीत, पण आपल्या हाती गाव आहे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के भाग दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. पुष्कळ ठिकाणी तो वर्षअखेरीस वस्तू किंवा थोडी रोकड वाटून संपवतात, फोटो काढतात. ग्रामसभेत माळकरी माणसाच्या शब्दाला वजन असते. त्याने उठून विचारावे की या पैशातून एखाद्या पोराचे शिवणयंत्र, एखादीचे संगणकाचे शिक्षण, पिठाच्या गिरणीला उतरती वाट, असे काही होईल का. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि ओळखपत्र नसेल तर पुढचे सगळेच अडते; जिल्हा रुग्णालयात खेपा घालायला सोबत लागते. ज्या वारकऱ्याने पायी पंढरी गाठली त्याला जिल्ह्याच्या दोन खेपा जड नाहीत.

आणि आपली खरेदी. एका दिंडीला वर्षाला काय काय लागते ते विणेकऱ्यांना, चालकांना विचारा. पताका, झोळ्या, वाती, बुक्क्याच्या पुड्या, तुळशीच्या माळा, पत्रावळी, छापील पावतीपुस्तके. यातले बरेचसे काम बसून, हातांनी, शांतपणे करण्याचे आहे. जवळपास दिव्यांगांची एखादी कार्यशाळा असेल तर चौकशी करा. नसेल तर गावातल्याच दोघाचौघांना घेऊन शिकवणारा शिंपी आपल्या दिंडीत निघेलच. मागणी मात्र ज्येष्ठात, निघायच्या तोंडावर नोंदवू नका. चैत्रातच सांगा, म्हणजे शिकायला आणि चुकायला वेळ राहील. आधी दहा पताका शिवून घ्या. पैसे ठरल्याप्रमाणे, उधारी न ठेवता द्या. आणि एखादीची शिवण उसवली तर ती परत करा, दुसऱ्या कोणत्याही शिंप्याला परत केली असती तशीच.